एम्पायरचा प्रॉमेनाड: एक परवाना, दोन अटी आणि एक कापडी भिंत

प्रकरण थोडक्यात

परवाना देणाऱ्या कोणत्याही कार्यालयाच्या फायलीत हे प्रकरण सहज खपून जाईल. वार्षिक परवान्याचं नूतनीकरण, त्यावर एक हरकत, एक सुनावणी, समितीची शिफारस, सर्वसाधारण सभेचा ठराव आणि परवान्यावर घातलेल्या दोन अटी. लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधल्या ‘एम्पायर थिएटर ऑफ व्हरायटीज’वर 1894 च्या ऑक्टोबरमध्ये हे सगळं घडलं. अटी पाळायच्या म्हणून थिएटरने एक कापडी भिंत उभी केली आणि ती भिंत पहिल्याच रात्री प्रेक्षकांनी फाडून टाकली.

हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं, कारण यात कुणीही निव्वळ खोटारडं नाही. तक्रार करणारीचं म्हणणं खरं होतं. थिएटरच्या व्यवस्थापकाचं म्हणणंही बऱ्याच अंशी खरं होतं. समितीने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या होत्या. तरीही निर्णय चुकीच्या जागी जाऊन बसला. भिंत कुठे असावी, बार कुठे असावा, यावर तीन आठवडे सगळं शहर बोलत होतं. ज्यांच्यामुळे भिंतीचा विषय निघाला त्या, थिएटरात ग्राहक शोधायला येणाऱ्या बायकांचं पुढे काय होणार, हा प्रश्न मात्र कामकाजाच्या मध्यभागी कधी आलाच नाही.

नावांबद्दल एक गोष्ट. जे जाहीर जीवनात होते त्यांची नावं दिली आहेत. ज्या बायकांवरून वाद पेटला त्या तेव्हाही निनावी होत्या आणि इथेही तशाच राहतील.

पार्श्वभूमी

व्हरायटी म्हणजे एका संध्याकाळी एकामागून एक येणारे स्वतंत्र ‘टर्न’. एक विनोदी गाणं, मग कसरतपटू, मग प्राणी घेऊन आलेला कुणी, मग नकला, मग नाच. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, कथा नाही. मधेच आलात, मधेच गेलात तरी काही बिघडत नाही. अमेरिकेत याच प्रकाराला पुढे व्होडव्हिल म्हणू लागले, इंग्लंडमध्ये म्युझिक हॉल. आपण मधेच येऊ-जाऊ शकतो ही एवढी सोय पुढच्या सगळ्या भानगडीच्या मुळाशी आहे. नाटकाला आलेला माणूस खुर्चीला बांधलेला असतो. व्हरायटीला आलेला माणूस उठून हिंडू शकतो.

याला कायद्यानेही हातभार लावला होता. 1843 च्या थिएटर कायद्यानंतर लंडनमधल्या मालकांपुढे सरळ दोन वाटा उरल्या: नाटकाचा परवाना घ्या आणि प्रेक्षागृहातली दारू सोडा, किंवा दारू ठेवा आणि नाटक सोडा. दारू सोडवेना ते गाणं-बजावणं आणि नाचाच्या परवान्यावर राहिले, आणि तो परवाना मिळायचा 1751 सालच्या एका जुन्या कायद्याखाली. चार्ल्स मॉर्टनने 1852 मध्ये लॅम्बेथ भागात आपल्या खानावळीला लागून ‘कॅन्टरबरी हॉल’ उघडला तो याच चौकटीत. लांब टेबलं, बिअर, खाणं आणि समोर हातोडी आपटून पुढच्या गायकाचं नाव पुकारणारा अध्यक्ष. दारू हा त्या धंद्याचा पाया होता. तिकिटाच्या पैशांत कलाकार निघायचे, मालकाचं घर बिअरवर चालायचं.

चाळीस वर्षांत टेबलं गेली, अध्यक्ष गेला, रांगेत बसवलेल्या मखमली खुर्च्या आल्या. वेस्ट एंडमधले मोठे हॉल दिसायला ऑपेरा हाउससारखे झाले. दारू तेवढी राहिली, पण ती आता मागे सरकली: खुर्च्यांच्या पाठीमागच्या रुंद मोकळ्या पट्ट्यात, बारच्या कडेला. लोक तिथे उभे राहून खेळ बघत, गप्पा मारत, फेऱ्या मारत. हाच तो प्रॉमेनाड.

एम्पायर 1884 मध्ये सुरू झालं. आधी तिथे इतर प्रकारचे खेळ झाले, पण 1887 च्या डिसेंबरपासून ते व्हरायटीचं घर झालं. चौकात पलीकडेच ‘अल्हाम्ब्रा’ होतं आणि दोघांत मोठी चुरस होती. दोन्हीकडचं खास आकर्षण म्हणजे बॅले. एम्पायरचे बॅले कॅटी लॅनर बसवायच्या. भरगच्च वेशभूषा, स्टेजवर मुलींचे मोठाले ताफे. व्यवस्थापक जॉर्ज एडवर्ड्स हा गेटी थिएटरही चालवायचा; लोकांना काय आवडतं याची नस त्याला अचूक सापडली होती.

एम्पायरचा नावाजलेला प्रॉमेनाड ड्रेस सर्कलच्या, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या महागड्या खुर्च्यांच्या मागे होता. पाच शिलिंगांचं तिकीट. पौंडाचे वीस शिलिंग, म्हणजे पाव पौंड मोजून मिळायची ती उभं राहण्याची जागा, आणि तरी तिथे गर्दी मावत नसे. जाड गालिचा, आरसे, सोनेरी मुलामा, भिंतीलगत कोच. हिंदुस्थानातून किंवा वसाहतींतून रजेवर आलेला अधिकारी लंडनला उतरला की ओळखीचं कुणी भेटेल म्हणून थेट एम्पायरच्या प्रॉमेनाडवर जायचा. आणि याच गालिच्यावर, उत्तम कपडे घातलेल्या, आवाज न चढवणाऱ्या बायका एकट्या किंवा दोघी-दोघीने फेऱ्या मारत. त्या कशासाठी येतात हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्याही पाच शिलिंगांचं तिकीट काढून आलेल्या असत.

तक्रार कुठून आली

इथे नऊ वर्षं मागे जावं लागतं. 1885 मध्ये इंग्लंडमध्ये फौजदारी कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. मुलींचं संमतिवय तेरावरून सोळावर गेलं, आणि त्याच कायद्याने कुंटणखान्यांवर खटले भरणं खूप सोपं झालं. कायदा नीट राबवला जावा म्हणून त्याच वर्षी नॅशनल व्हिजिलन्स असोसिएशन स्थापन झाली. तिच्या पाठपुराव्याने शहरोशहरी घरं बंद होऊ लागली. मुलींच्या रक्षणाचा भाग मोलाचा होता, त्यात शंका नाही. पण घरं बंद झाली म्हणून तिथल्या बायका नाहीशा झाल्या नाहीत. त्या भाड्याच्या एकट्या खोल्यांत गेल्या, रस्त्यावर आल्या, आणि ज्यांच्याकडे बरे कपडे आणि पाच शिलिंग होते त्या प्रॉमेनाडवर आल्या.

रस्त्यावर काय वाट्याला येई याचं एक उदाहरण सगळ्या लंडनला माहीत होतं. 1887 च्या जूनमध्ये रीजंट स्ट्रीटवर एका शिवणकाम करणाऱ्या तरुणीला पोलिसाने वेश्या समजून पकडलं. आरोप टिकला नाही, पण दंडाधिकाऱ्याने तिला सोडतानाही समज दिली. पुढे पार्लमेंटमध्ये यावरून वादळ उठलं. रात्री एकटी चालणारी बाई कोण आहे हे तिच्याकडे बघून ठरवता येत नाही, आणि ठरवायला गेलं की काय होतं, हे त्या एका प्रकरणात उघडं पडलं होतं. एम्पायरच्या दारावरच्या माणसालाही रोज हेच ठरवायचं होतं.

लॉरा ऑर्मिस्टन चँट या 1848 मध्ये जन्मलेल्या, परिचारिका म्हणून काम केलेल्या, स्त्रियांच्या मताधिकारासाठी बोलणाऱ्या आणि व्हिजिलन्स असोसिएशनच्या कामात असलेल्या बाई. त्यांच्या ओळखीच्या दोन अमेरिकन गृहस्थांना एम्पायरमध्ये बायकांनी गाठलं, आणि त्यांनी ही गोष्ट चँटबाईंना सांगितली. ऐकीव माहितीवर न थांबता त्या स्वतः जाऊन पाहून आल्या, एकदा नव्हे तर पाच वेळा. पहिल्यांदा त्या साध्या पोशाखात गेल्या तर सगळ्यांच्या डोळ्यांत भरल्या. मग संध्याकाळचा छान पोशाख घालून जाऊ लागल्या. आपण जे मांडणार त्याची शहानिशा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी केली होती, आणि हे त्यांच्या टीकाकारांनीही मान्य करायला हवं होतं.

ऑक्टोबरमध्ये परवान्यांच्या नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा त्यांनी एम्पायरवर हरकत घेतली. तीत दोन मुद्दे होते. एक, प्रॉमेनाड हा शरीरविक्रयाचा अड्डा झाला आहे. दोन, बॅलेतल्या नर्तिकांचा पोशाख असभ्य आहे.

हे दोन मुद्दे एका हरकतीत बांधले गेले, आणि मला वाटतं पहिली चूक इथेच झाली. त्याकडे पुढे पुन्हा येऊ.

समितीपुढे काय काय करता येण्यासारखं होतं

लंडनचे म्युझिक हॉलचे परवाने 1889 पासून लंडन काउंटी कौन्सिलच्या हातात आले होते. त्याआधी हे काम दंडाधिकाऱ्यांकडे होतं. नव्या, निवडून आलेल्या कौन्सिलमध्ये प्रोग्रेसिव्ह गटाचं वजन होतं आणि शहर स्वच्छ करायचा त्यांचा उत्साह खरा होता: गटारं, घरं, बागा आणि करमणूकही.

10 ऑक्टोबर 1894, बुधवार. परवाना समितीसमोर चँटबाई आणि त्यांचे साथीदार एका बाजूला, एडवर्ड्स आणि त्याचे वकील दुसऱ्या बाजूला. एडवर्ड्सचा बचाव साधा होता. गैरवर्तन करणाऱ्याला आम्ही बाहेर काढतो, त्यासाठी माणसं ठेवली आहेत. पण तिकीट काढून आलेली, नीट वागणारी बाई केवळ एकटी आहे म्हणून तिला दारातून परत कशी पाठवायची?

हा प्रश्न समितीने जितका वेळ देऊन तपासायला हवा होता तितका तपासला गेला नाही. समितीच्या हातात निदान चार वाटा होत्या.

परवाना जसा होता तसा देणं ही पहिली. मग तक्रारीत तथ्य असूनही काहीच केलं नाही असं झालं असतं. परवाना सरळ नाकारणं ही दुसरी. शेकडो लोकांचं काम घालवणारा तो निर्णय कौन्सिलला पेलला नसता. तिसरी वाट वर्तनाची: फूस लावून ग्राहक गाठण्यावर बंदी, थिएटरने ठेवायची नोंद, कौन्सिलच्या निरीक्षकाची अधूनमधून भेट, आणि वर्षभराने फेरविचार. ही वाट कटकटीची होती, रोज लक्ष मागणारी. चौथी वाट इमारतीची: प्रॉमेनाड काढा, प्रेक्षागृहात दारू बंद करा. ही एकदाच करायची, नकाशावर दाखवता येणारी आणि झाली की नाही हे मोजता येणारी गोष्ट.

समितीने चौथी निवडली. कार्यालयात बसलेल्या माणसाला ती का आवडली हे कळतं. वर्तनावर लक्ष ठेवायला रोज माणूस लागतो. भिंत एकदा तपासली की झालं. पण माणसांच्या वागण्याचा प्रश्न बांधकामाच्या अटीत बसवला की जे घडतं ते पुढे घडलं.

पाचवीही एक वाट होती, पण तिचा अवकाश लांबचा होता: प्रेक्षकच बदलणं. न्यूयॉर्कमध्ये टोनी पास्टरने हे करून दाखवलं होतं. तिथे 1862 मध्येच कायद्याने करमणूक, दारू आणि दारू वाढणाऱ्या मुली यांची एकत्र मोट बांधायला मनाई केली होती. बावरीसारख्या रांगड्या वस्तीत धंदा केलेल्या पास्टरने 24 ऑक्टोबर 1881 रोजी फोर्टिन्थ स्ट्रीटवर, टॅमनी हॉलच्या इमारतीत आपलं नवं थिएटर उघडलं आणि घरंदाज बायकांना, आई-मुलींना तिकीटबारीवर आणायचा चंग बांधला. प्रेक्षकांना बक्षिसं म्हणून शिवणयंत्रं, पिठाची पिंपं, हॅम, कोळसा, कपड्यांचं कापड असं काय काय तो द्यायचा. भेटवस्तू अशा की घरातली बाईच म्हणेल, चला आज जाऊ या. घरच्या बायका येऊ लागल्या तसा हॉलचा रंग आपोआप पालटला. तिथे भिंत बांधावी लागली नाही. लंडनमध्येही मॉर्टनने कॅन्टरबरीत बायकांना प्रेक्षक म्हणून आणण्याचे प्रयत्न केलेच होते, म्हणजे कल्पना परकी नव्हती. पण पाच शिलिंगांच्या उभ्या तिकिटावर आणि बारवर ज्याचा ताळेबंद उभा आहे त्या एम्पायरला हे कुणी सुचवलं नाही, आणि एडवर्ड्सला ते स्वतःहून करायची गरज वाटली नाही.

ठराव आणि शहरातला गदारोळ

समितीची शिफारस बाहेर पडताच वर्तमानपत्रं तुटून पडली. ‘डेली टेलिग्राफ’ने वाचकांच्या पत्रांची रांगच लावली आणि त्यांना एक मथळा दिला, ज्याचा अर्थ साधारण ‘शिकारीला निघालेल्या सोवळ्या बाया’ असा होतो. ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने चँटबाईंना दुसऱ्याच्या घरात डोकावणारी भोचक बाई म्हणून रंगवलं. त्यांनी पाच वेळा जाऊन काय पाहिलं याची चर्चा मागे पडली, आणि त्या कशा दिसतात, कशा बोलतात, बाईमाणसाने अशा जागी जावंच का, हे पुढे आलं. एखाद्या स्त्रीने गैरसोयीचं सत्य सांगितलं की बोलणं सोडून तिच्याकडेच बोट दाखवायचं, ही रीत तेव्हाची म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

एडवर्ड्सने सगळ्यात मोठा डाव खेळला तो कामगारांच्या नावावर. या अटींवर थिएटर चालणार नाही, बंद करावं लागेल, मग नाचणाऱ्या मुली, वादक, पडदे ओढणारे, तिकीट तपासणारे, झाडणाऱ्या बायका यांनी काय करायचं? नाट्यगृहातल्या कामगारांच्या सभा झाल्या. रात्री उशिरा खेळ सुटल्यावर ज्यांना भाडं मिळायचं ते घोडागाडीवालेही विरोधात उतरले. स्ट्युअर्ट हेडलॅम हे पाद्री, ज्यांनी 1879 मध्ये चर्च आणि रंगभूमी यांना जवळ आणणारी संस्था काढली होती, बॅलेच्या बाजूने उभे राहिले. नाच ही देवाने दिलेली कला आहे असं मानणारा तो माणूस होता. हेडलॅमसारखी माणसं प्रॉमेनाडच्या मुद्द्यावर कदाचित चँटबाईंच्या सोबत आली असती. पण नर्तिकांच्या पोशाखाचा मुद्दा हरकतीत होता, म्हणून ती समोरच्या बाजूला गेली.

26 ऑक्टोबर, शुक्रवार. कौन्सिलच्या सभेत चर्चा झाली. 1889 च्या गोदी कामगारांच्या संपाचे पुढारी जॉन बर्न्स कौन्सिलचे सदस्य होते, आणि ते अटींच्या बाजूने बोलले. कामगारांचा पुढारी कामगारांच्या पोटाचा मुद्दा पुढे असतानाही विरुद्ध बाजूला उभा राहिला, यावरून हा वाद भांडवल आणि कामगार असा सरळ नव्हता हे दिसतं. ठराव मोठ्या बहुमताने मंजूर झाला. प्रॉमेनाड जाणार, प्रेक्षागृहात दारू मिळणार नाही.

त्या रात्रीच्या खेळानंतर एडवर्ड्सने एम्पायर बंद केलं.

3 नोव्हेंबरची रात्र

थिएटर बंद ठेवून रोजचं नुकसान सोसणं कुणालाच परवडणारं नव्हतं. आठ दिवसांत मधला मार्ग निघाला. बार आणि प्रॉमेनाड यांच्यामध्ये लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडाचे पडदे उभे केले. या आडोशामुळे बार ‘प्रेक्षागृहाबाहेर’ गेला. दारूच्या अटीची भाषा पाळली गेली. प्रत्यक्षात माणूस पडद्याला वळसा घालून दोन पावलांत बारवर पोचू शकत होता, आणि प्रॉमेनाडवरच्या बायका होत्या तिथेच राहू शकत होत्या.

शनिवार, 3 नोव्हेंबर. आठ दिवस बंद असलेलं, रोज वर्तमानपत्रात गाजलेलं थिएटर सुट्टीच्या आदल्या रात्री उघडलं म्हटल्यावर गर्दी कशी असेल ते सांगायला नको. त्या गर्दीत सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयातले बरेच तरुण कॅडेट होते. आधी कुणीतरी हातातल्या छडीने कापडाला भोक पाडलं. मग दुसऱ्याने छत्री घातली. मग कापड टराटरा फाटू लागलं, लाकडी पट्ट्या मोडू लागल्या, आणि बघता बघता आडोसा जमीनदोस्त झाला. मोडक्या फळ्या आणि चिंध्या हातात नाचवत जमाव बाहेर लेस्टर स्क्वेअरमध्ये आला. यात एकोणीस वर्षांचा एक कॅडेट होता, विन्स्टन चर्चिल. त्याने तिथेच जमावापुढे भाषण ठोकलं, आणि पुढे स्वतःच ते आपलं पहिलं भाषण म्हणून सांगत राहिला.

दोन दिवसांनी 5 नोव्हेंबर, म्हणजे गाय फॉक्सचा दिवस, इंग्लंडमध्ये बाहुल्या जाळायचा सण. त्या वर्षी मुलांनी जाळायला केलेल्या बाहुल्यांमध्ये चँटबाईंचीही बाहुली होती.

हा सगळा प्रसंग आजही तारुण्याची मौज म्हणून सांगितला जातो. मला तो तसा वाचवत नाही. फळ्या फोडणारे स्वातंत्र्याच्या नावाने ओरडत होते, पण त्या प्रॉमेनाडवर ज्यांना ते स्वातंत्र्य विकत मिळत होतं ते फक्त पुरुष होते.

पुढे काय झालं

1895 च्या मार्चमध्ये कौन्सिलच्या निवडणुका झाल्या. प्रोग्रेसिव्ह आणि त्यांचा विरोधी मॉडरेट गट, दोघांनाही सारख्याच, 59 जागा मिळाल्या. प्रोग्रेसिव्हांचं पूर्वीचं बळ राहिलं नाही. त्या ऑक्टोबरमध्ये परवान्यांची पाळी आली तेव्हा एम्पायरवरच्या अटी उठल्या. एका वर्षात सगळं जागच्या जागी. चँटबाईंनी आपली बाजू सांगणारी एक पुस्तिका काढली आणि काम चालू ठेवलं.

एम्पायरचा धंदा उलट बहरला. 1896 च्या मार्चमध्ये ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं तिथल्या कार्यक्रमात एक टर्न म्हणून दाखल झाली, कसरतपटू आणि बॅलेच्या मधोमध. त्याच बंधूंचा माणूस चार महिन्यांत यंत्र घेऊन मुंबईत उतरला आणि 7 जुलै 1896 रोजी वॉटसन हॉटेलात पहिला खेळ झाला, तो आपल्याला ठाऊक आहे. पण मुंबईच्या त्या खेळाआधी हे यंत्र लंडनला व्हरायटीच्या गर्दीपुढे, प्रॉमेनाडसमोर फिरत होतं, हे फारसं सांगितलं जात नाही.

प्रॉमेनाड अखेर 1916 मध्ये, महायुद्धाच्या काळात बंद झाला. 1927 मध्ये जुनं एम्पायर पाडलं आणि त्या जागी चित्रपटगृह उभं राहिलं.

निर्णय कुठे वेगळा होऊ शकला असता

आधी तक्रारदारांच्या बाजूने. त्यांच्याकडे एक भक्कम मुद्दा होता आणि एक कच्चा. प्रॉमेनाडचं त्यांनी स्वतः पाहिलं होतं, त्याला साक्षीदार होते, आणि खुद्द थिएटरही ते पूर्ण नाकारत नव्हतं. पोशाखाचा मुद्दा मात्र आवडीनिवडीचा होता. तो हरकतीत घातल्यामुळे तीन गोष्टी झाल्या. कलेच्या बाजूची माणसं दुरावली. वर्तमानपत्रांना खिल्ली उडवायला सोपं निशाण मिळालं. आणि स्टेजवर घाम गाळून पगार घेणाऱ्या नर्तिका आणि मागे फेऱ्या मारणाऱ्या बायका यांना लोक एकाच रांगेत उभं करू लागले. हा अन्याय त्या नर्तिकांवर झाला. पोशाखाचा मुद्दा वगळून फक्त प्रॉमेनाडवर हरकत घेतली असती तर हेडलॅमसारखे लोक निदान तटस्थ राहिले असते.

समितीच्या बाजूने दोन जागा दिसतात. पहिली, अट कशावर घालायची. दारू आणि बांधकाम यांवर अट घातल्यामुळे थिएटरला नेमकं तेवढंच करायचं होतं: दारू आडोशापलीकडे न्यायची आणि आडोसा बांधायचा. ग्राहक गाठण्याबद्दल अटीत शब्द नसेल तर ते थांबवायला थिएटर बांधील नाही. अंमलबजावणीचा विचार करताना समितीने तपासायला सोपं काय ते पाहिलं, उपयोगाचं काय ते पाहिलं नाही.

दुसरी जागा मुदतीची. ठराव झाल्यावर अटी अंमलात आणायला वेळ ठरवून दिला असता, मधल्या काळात कौन्सिलच्या वास्तुतज्ज्ञाने थिएटरसोबत बसून पक्की रचना आखली असती, तर एडवर्ड्सला ‘आज बंद, उद्या बेकार’ हा डाव खेळता आला नसता. इथे एका शुक्रवारी ठराव, त्याच रात्री टाळं, आणि पुढच्या आठवड्याच्या शनिवारी घाईघाईने ताणलेलं कापड. तेही लोकांचा संताप टिपेला असताना, भर गर्दीच्या रात्री. सोमवारी दुपारच्या खेळाला हळूच उघडलं असतं तर छड्या आणि छत्र्या कदाचित इतक्या जमल्याच नसत्या.

एडवर्ड्सबद्दलही बोललं पाहिजे. त्याचा ‘एकट्या बाईला कसं ओळखायचं’ हा सवाल खरा होता, रीजंट स्ट्रीटच्या प्रकरणाने तो खरा ठरवला होता. पण त्या सवालाचा त्याने ढाल म्हणून वापर केला. ग्राहक गाठण्याचं वर्तन ओळखणं अशक्य नव्हतं. दारावरची माणसं ते रोज पाहत होती. हॉलच्या आत नियम काटेकोर करून, तिकिटाची रचना बदलून, संध्याकाळचे काही खेळ कुटुंबांसाठी राखून तो आधीच हालचाल करू शकला असता. तशी त्याला मोकळीकही होती आणि डोकंही. त्याऐवजी त्याने कामगारांना पुढे केलं. ते वर्ष तरला. मागणी मात्र 1916 पर्यंत पुन्हा पुन्हा समोर येतच राहिली.

आणि शेवटी त्या बायका. 1885 च्या कायद्याने घरं बंद झाली तेव्हा त्या प्रॉमेनाडकडे सरकल्या. प्रॉमेनाड खरोखरच बंद झाला असता तर त्या पुन्हा रीजंट स्ट्रीटवर, पाऊस-थंडीत, पोलिसांच्या तावडीत गेल्या असत्या. एडवर्ड्सच्या बाजूचे लोकही हे बोलत होते, पण प्रॉमेनाड चालू ठेवण्यासाठी. त्यांना दुसरं काही देण्यासाठी नाही. चँटबाई अशा बायकांच्या सुटकेचं काम करणाऱ्या वर्तुळातल्या होत्या. हरकतीसोबतच निवारा, काम, शिक्षण यांचा एखादा ठोस प्रस्ताव त्याच दिवशी त्याच समितीपुढे ठेवायला त्यांच्याइतकं योग्य कुणी नव्हतं. कौन्सिलकडे परवान्याचा अधिकार होता तसाच घरं बांधण्याचाही होता. दोन्ही विषय एका टेबलावर आणता आले असते.

ज्यांची नावं या प्रकरणात आजही घेतली जातात ते असे: एक व्यवस्थापक, एक समाजसुधारक बाई, एक पाद्री, एक कामगार पुढारी, एक भावी पंतप्रधान. पाच शिलिंग मोजून त्या गालिच्यावर रोज रात्री फेऱ्या मारणाऱ्यांपैकी एकीचंही नाव या यादीत नाही. शनिवारी कापड फाटत होतं तेव्हाही त्या तिथेच, बारच्या कडेला उभ्या असतील, आणि सोमवारी रात्री त्यांनी पुन्हा तिकीट काढलं असेल.